दीडच्या आत खिंड: डोंगरातल्या तळ्यावरच्या वीकेंडचं आमचं प्लॅनिंग

मागच्या वर्षी आम्ही डोंगरातल्या एका तळ्यावर रात्री राहायला गेलो होतो आणि पोचलो तेव्हा मिट्ट काळोख झाला होता. मी, दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी, ती तेव्हा दहा वर्षांची. हेडटॉर्चच्या उजेडात जी पहिली सपाट जागा दिसली तिथे टेंट लावला, ती जागा पाण्यापासून जेमतेम पंधरा पावलांवर आहे हे सकाळी कळलं. रात्रभर थंडी, पहाटे टेंटच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकायला लागलं, स्लीपिंग बॅगा ओल्या, पोरगी कुडकुडतेय. वहिनी आणि मी तिला मधे घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिलो. उतरताना ती एवढंच म्हणाली, "आत्या, तळं छान होतं पण मला परत नाही यायचं." ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही. सगळं मी ठरवलं होतं, आणि ठरवलं काय तर तारीख आणि जागा, बाकी काहीच नाही.

म्हणून या वेळी सहा आठवडे आधी बसले. पहिलंच ठरवलं की सुरुवात घरातून निघायच्या वेळेपासून करायची नाही, टेंट उभा झालेला असायच्या वेळेपासून करायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. सूर्यास्त ६.४० चा होता, पण डोंगरात त्या आकड्याला फार अर्थ नसतो, पश्चिमेला उंच धार असली की सूर्य तासभर आधीच तिच्यामागे जातो आणि गारठा लगेच सुरू होतो. मग जागा शोधणं, टेंट लावणं, पाणी आणणं, खाणं हे सगळं उजेडात व्हायचं तर दुपारी साडेतीनला तिथे असायलाच हवं. हा साडेतीनचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठा लिहिला.

तळं दुसरं निवडलं. एका बाजूने ७ किमी, गाडी लावतो तिथली उंची १६३० मीटर, मधे २४२० मीटरवर एक खिंड आणि पलीकडे थोडं उतरून २३५० मीटरवर तळं. आधी मी फक्त किलोमीटर बघायचे, सात म्हणजे दीड-दोन तास असं धरायचे, आणि मागच्या वेळी घोळ झाला तो इथेच. पायवाटेवर अंतरापेक्षा चढ जास्त वेळ खातो. यासाठी एक जुना हिशोब आहे, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर ५ किमीला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या वाटेला लावला तर अंतराचे १ तास २४ मिनिटं, ७९० मीटर चढाचे १ तास १९ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तासाला थोडं कमी. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, जो कुठे थांबत नाही आणि ज्याच्या पाठीवर फार ओझं नाही. आम्ही तसे नाही, सोबत अकरा वर्षांची मुलगी.

मग एका रविवारी सगळं सामान भरून जवळच्या टेकडीवर गेलो, ४ किमी आणि २५० मीटर चढ. नेस्मिथच्या हिशोबाने ७३ मिनिटं लागायला हवी होती, आम्हाला ११० लागली. म्हणजे आमचा गुणाकार दीडचा. हे कळलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, कारण आता माझ्या हातात आमचा स्वतःचा आकडा होता, दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली लिहिलेला नाही. पावणेतीन तासाचे दीडपटीने झाले चार तास, त्यात खायला आणि दम खायला पाऊण तास, म्हणजे धरून चाला पाच. साडेतीनला पोचायचं तर साडेदहा ही शेवटची वेळ, आपण नऊला चालायला लागायचं. गाडीचा प्रवास तीन तासांचा, म्हणजे घर साडेपाचला सोडायचं.

आणि एक वेळ अजून ठरवली, तीच पुढे कामाला आली. खिंडीत दुपारी दीडच्या आत पोचलो नाही तर पलीकडे उतरायचं नाही. मग कोणी कितीही म्हटलं तरी नाही. ही वेळ घरी बसून, पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवावी लागते, कारण वर गेल्यावर तळं दोन किमीवर आलेलं असताना कुणीच नीट विचार करत नाही, मी तर नाहीच करत. पण नुसती वेळ ठरवून भागत नाही, तेव्हा थांबायचं कुठे तेही ठरवावं लागतं. नकाशावर खिंडीच्या दीड किमी अलीकडे, २१५० मीटरवर, झाडीच्या कडेला एक सपाटी दिसत होती आणि बाजूने ओढा. तिला आम्ही 'दुसरी जागा' नाव दिलं. तिथे राहायला परवानगी आहे का हेही विचारून घेतलं.

परवानगीवरून आठवलं, आपण जातो त्या भागाची देखरेख करणारं जे ऑफिस असेल तिथे फोन करून बोलणं हे माझ्या मते दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा उपयोगी. मी विचारलं की कुठे टेंट लावता येतो, शेकोटी पेटवायला बंदी आहे का, ओढ्याला सध्या पाणी किती आहे, खिंडीत बर्फ शिल्लक आहे का, खाण्याच्या वासाने कुठले प्राणी येतात. पलीकडच्या माणसाने दहा मिनिटं नीट बोलून सांगितलं. शेकोटीला बंदी होती, ते आधीच कळलं म्हणून आम्ही स्वयंपाक आणि ऊब दोन्हीसाठी आगीवर अवलंबून राहिलो नाही.

नकाशाचं काम मी मुद्दाम पुतणीला सोबत घेऊन केलं. तिला समोच्च रेषा शिकवल्या, म्हणजे एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषा, आमच्या नकाशात दोन रेषांमधे २० मीटरचा फरक. रेषा जवळजवळ म्हणजे खडा चढ, लांबलांब म्हणजे सपाटी. तिने पेन्सिल घेऊन गाडीच्या जागेपासून खिंडीपर्यंत रेषा मोजल्या, जवळजवळ चाळीस भरल्या, आणि शेवटच्या दहा अगदी चिकटून आहेत हे तिनेच दाखवलं. "आत्या, इथे मी दमणार," असं म्हणून तिने तिथे फुली मारली. मग तिलाच वेळेची वही दिली. कुठला टप्पा किती वाजता यायला हवा आणि प्रत्यक्षात किती वाजता आला हे ती लिहिणार, आणि दीडची वेळही तीच सांभाळणार. वहिनीला आधी वाटलं एवढं लहान मुलीवर कशाला टाकायचं, पण मागच्या वेळी तिला नुसतं ओढत नेलं होतं, या वेळी तिच्या हातात काहीतरी असायला हवं होतं असं मला मनापासून वाटत होतं.

आता थंडी. हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा खालच्या गावाचा असतो, आपण झोपणार असतो त्याच्या खूप वर. दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. गाव ११०० मीटरवर, तिथे रात्रीचं तापमान १४ अंश दाखवत होते, तळं त्याच्या १२५० मीटर वर, म्हणजे आठ अंश कमी, सहा. त्यात तळं असतं डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, थंड हवा जड असते ती रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि तळ्याच्या वाटीत साठते. आकाश निरभ्र असेल तर आणखीच. म्हणून मी तापमान एक-दोन अंशांपर्यंत उतरेल असं धरून तयारी केली.

स्लीपिंग बॅगचा आकडा मला मागच्या वेळी चुकीचा कळला होता. बॅगेवर ठळक ५ लिहिलेलं होतं, रात्री तापमान ७ असावं, तरी मी गारठले. नंतर वाचलं तेव्हा समजलं की त्यावर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. लिमिट म्हणजे ज्या तापमानात एक प्रमाणित पुरुष अंग आखडून कशीबशी आठ तास झोप काढू शकतो ते, आणि कम्फर्ट म्हणजे एक प्रमाणित स्त्री मोकळ्या अंगाने आरामात झोपू शकते ते. माझ्या बॅगेवरचा ५ हा लिमिटचा होता, कम्फर्ट आतल्या लेबलवर बारीक अक्षरात १०. म्हणजे बॅग खराब नव्हती, मी आकडा चुकीचा वाचला होता. या वेळी कम्फर्ट शून्य असलेल्या दोन बॅगा भाड्याने घेतल्या, एक पुतणीसाठी, एक वहिनीसाठी. माझ्या बॅगेत मी आतलं लायनर घातलं आणि कोरडे लोकरीचे मोजे फक्त झोपायला म्हणून वेगळे ठेवले.

पण बॅगेपेक्षाही मॅट महत्त्वाची, हे लोकांना पटत नाही. आपण झोपलो की बॅगेतला भराव अंगाखाली दाबला जातो, त्यात हवा उरत नाही, मग जमीन ऊब ओढून घेत राहते. मॅटची उष्णता अडवायची क्षमता आर-व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका मोठा तितकं चांगलं, आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर दोघींच्या आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. आम्ही फोमच्या मॅट खाली आणि हवा भरायच्या वर असं केलं. हवेची फुटली तरी फोम शिल्लक राहतो हा अजून एक फायदा.

वजनाचं सांगते. सर्वसाधारण धरतात की पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावं, फार तर पाव. मी ५८ किलोची, म्हणजे १२ ते १४. पहिल्यांदा सॅक भरली तर साडेसतरा. सगळं जमिनीवर काढलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारलं की ही नसेल तर काय होईल. जाड पुस्तक, दुसरी जीन्स, मोठं भांडं, तीन टॉर्च, चार लिटर पाणी. पाणी सगळ्यात जड, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि नकाशावर तीन ठिकाणी वाट ओढ्याला लागत होती, म्हणून प्रत्येकी दीड लिटर घेऊन निघायचं आणि वाटेत भरत जायचं ठरलं. जीन्स तर नकोच, सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवतं. प्रथमोपचाराचं सामान आणि रेनकोट मात्र कितीही वजन झालं तरी काढले नाहीत. सॅक १३ वर आली. पुतणीच्या पाठीवर फक्त तिचे कपडे, पाणी, शिट्टी, तीन किलो.

पाणी पिण्याजोगं करणं हा वेगळा विषय. डोंगरातलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण वर कुठे जनावरं असली तर त्यात जिआर्डियासारखे जंतू असू शकतात आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. आमच्याकडे ०.१ मायक्रॉनचा फिल्टर आहे, तो बॅक्टेरिया आणि जिआर्डिया अडवतो, पण व्हायरस त्यातून जाऊ शकतात कारण ते त्याहून लहान. जिथे माणसांची वर्दळ जास्त तिथे मी फिल्टर करून वर उकळतेच. उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, आमच्या तळ्यावर ९२ च्या आसपास. अजून एक, जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं: पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला तर आतले धागे फुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही पण तो निकामी झालेला असतो. म्हणून रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. मोबाईल आणि पॉवर बँकसुद्धा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

गॅसचंही तसंच. कॅनिस्टरमध्ये साधा ब्युटेन असेल तर शून्याच्या जवळ तो नीट वायू होतच नाही, स्टोव्ह मिणमिणतो. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला घ्यावा. आणि पाऊस असो वा वारा, टेंटच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही. यावर मी दादाशी भांडले आहे आणि परत भांडेन.

खाण्याचं प्लॅनिंग वहिनीने केलं, प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी, वर दिवस आणि वेळ लिहिलेली, सगळं गरम पाणी ओतून होणारं. एक जेवण जास्तीचं.

आईकडे एक कागद ठेवला. कुठे जाणार, कुठल्या वाटेने, गाडीचा नंबर, कोणते कपडे, दोन्ही मुक्कामाच्या जागा, आणि शेवटची ओळ: रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळव. आई म्हणाली, "एवढं काय, जाताय ना चार जण." पण वर रेंज नसते, आणि कुणी शोधायला निघालं तर त्यांना डोंगराची कुठली बाजू शोधायची हे तरी कळायला हवं. शिट्टीचा इशाराही सगळ्यांनी पाठ केला, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर येतं ते मिनिटात तीन वेळा.

पुतणीशी एक अवघड बोलणं झालं, ते पोहण्याबद्दल. तिला तळ्यात उतरायचं होतं. पोहणं चांगलं येतं तिला, क्लासला जाते. मी तिला सांगितलं की स्विमिंग पूल आणि डोंगरातलं तळं यात फरक आहे, पाणी १५ अंशांच्या खाली असलं आणि आपण एकदम उडी मारली की श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आपोआप धाप लागते, तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं, आणि हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही होतं. थोड्या वेळाने हातपायही ऐकेनासे होतात. ती रुसली. मग ठरलं की गुडघ्यापर्यंत, काठाला, आणि मोठं कुणीतरी हात धरून. तिने तेही वहीत लिहिलं, "गुडघा."

निघायच्या दिवशी गाडीत तिला उलटी झाली, दोनदा थांबलो, आणि चालायला लागलो तेव्हा ९.५० झाले होते. पन्नास मिनिटं उशीर, पण साडेदहाच्या आत. तिने लिहिलं. पहिला तासभर झाडीतून मळलेली वाट, छान सावली. दर तासाला पाच मिनिटं सॅक उतरवून थांबायचो, आणि कुणाला बुटात कुठे नुसतं चुरचुरलं तरी लगेच बूट काढून पट्टी लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. वहिनीला उजव्या टाचेला लावावी लागली, फोड शेवटपर्यंत आला नाही.

'दुसऱ्या जागे'पाशी आलो तेव्हा पावणेएक होत आले होते. हिशोबाने साधारण तेवढेच व्हायला हवे होते आणि पोरीने वही उंच करून सगळ्यांना दाखवली. पण समोर खिंडीवर ढग उभे वाढत चालले होते, फुलकोबीसारखे, आणि त्यांचे पोट काळं पडत होतं. जरा पुढे गेलो आणि पहिला गडगडाट ऐकू आला. वीज चमकल्यापासून मी मोजलं, वीसला आवाज आला. आवाजाला एक किमी यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज सात किमीवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्यावर राहायचं नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, हा नियम आम्ही आधीच वाचून ठेवला होता. खिंड म्हणजे उघडी धार, वर एक झाड नाही. मागे फिरलो, एकट्या उंच झाडाखाली न थांबता सारख्या उंचीच्या झाडीत खोलगट जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, सॅक खाली घालून त्यावर उकिडवे बसलो. पाऊस वीस मिनिटं पडला, फार नाही. शेवटचा गडगडाट १.२५ ला.

दीड वाजून गेला. अर्धा तास थांबायचं म्हणजे १.५५. आणि १.५५ ला आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, सगळं धुतल्यासारखं चमकतंय. दादा उठला, सॅक लावली आणि म्हणाला, "चला की, साडेचारपर्यंत पोचू, उजेड आहे." त्याचं चुकीचं नव्हतं, नुसता उजेड बघितला तर. मलाही जावंसं वाटत होतं, खूप. वर्षभर त्या तळ्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं. पोरीने वही उघडली आणि काही न बोलता दीडच्या आकड्यावर बोट ठेवलं. दादाने एकदा खिंडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि सॅक उतरवली.

अडीचला दोन्ही टेंट उभे होते. ओढ्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब आणि काठापेक्षा थोडं वर, म्हणजे साधारण ६० मीटर. पाण्यापासून इतकं लांब राहायचं याची कारणं बरीच आहेत, काठाला दमट हवा असते म्हणून टेंटमध्ये दव साठतं, काठावरची झाडंझुडपं तुडवली जातात, आणि रात्री पाण्यावर जनावरं येतात, त्यांची वाट आपण अडवायची नाही. वर सुकलेली फांदी लटकत नाही ना हे मान वर करून बघितलं. दार वाऱ्याच्या उलट दिशेला. भांडी धुवायची ती पाणी लांब नेऊन, साबण कितीही नैसर्गिक लिहिलेला असला तरी ओढ्यात नाही. संडासला जायचं तर तेवढंच लांब, वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. पुतणीला पहिल्यांदा कसंतरी वाटलं, मग तिने स्वतःचं छोटं खुरपं मागून घेतलं.

सगळं उजेडात झाल्यामुळे संध्याकाळ रिकामी मिळाली, आणि मागच्या वेळी नेमकं हेच मिळालं नव्हतं. खाण्याचं सगळं एका पिशवीत घालून लांबच्या फांदीला उंच टांगलं. साडेसातला थर्मामीटर ९ दाखवत होता, पहाटे पाचला ५. मी रात्री दोनदा हात घालून पोरीचे पाय बघितले, गरम होते. टेंटच्या आत हात फिरवला, थोडा दमट, पण ठिबकत नव्हतं, कारण दोन्ही बाजूच्या जाळ्या थंडी असूनही थोड्या उघड्या ठेवल्या होत्या. श्वासातून निघणारी वाफ बाहेर जायला वाट लागते.

सकाळी साडेसहाला टेंट तिथेच ठेवून एका छोट्या सॅकमध्ये पाणी, खाणं, रेनकोट, प्रथमोपचाराचं सामान घेऊन निघालो. ओझं नाही तर केवढा फरक पडतो! तिने फुली मारलेला तो चढ आला, शेवटच्या दहा रेषा, बारीक घसारा, पाय मागे सरकत होता. ती म्हणाली, "इथे दमणार होते ना मी, पण अजून नाही दमले." खिंडीत सव्वासातला. आणि खाली तळं, पूर्ण सावलीत, वाफ सुटलेली, पाण्यावर एक सुरकुती नाही, समोरची धार उलटी दिसतेय त्यात. कुणी काहीच बोललं नाही बराच वेळ.

आठला काठावर होतो. तिने बूट काढले, माझा हात धरला आणि पाण्यात पाय घातला. किंचाळलीच. मग दुसरा. गुडघ्यापर्यंत गेली, वीसपर्यंत मोजलं, बाहेर आली, पाय लालभडक. "आत्या, बरं झालं उडी नाही मारली." दोन तास थांबलो आणि ढग यायच्या आत परत खिंड ओलांडली. टेंट आवरून चारला गाडीशी. आईला फोन साडेपाचला.

घरी आल्यावर टेंट बाल्कनीत वाळवला, स्लीपिंग बॅगा दाबून न ठेवता मोकळ्या टांगल्या, आणि वहीत लिहून ठेवलं काय वापरलं, काय नाही, काय कमी पडलं. कमी पडलं ते ग्लोव्हज, सकाळी खिंडीत बोटं आखडली होती. सनस्क्रीनही सकाळीच लावायला हवं होतं, दर १००० मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, दादाचं नाक सोललं. आणि दीडची वेळ उशिराची होती. दुपारनंतर डोंगरात ढग चढतात हे माहीत असून मी फक्त उजेडाचा हिशोब केला होता, विजेचा नाही.

पुतणीने ते वाचलं, दीड खोडला, तिथे बारा लिहिलं आणि विचारलं, "मग घरून किती वाजता निघायचं?" आम्ही परत उलटं मोजायला बसलो.